क्लोनिंग : किंमत कोणाच्या देहाने?

१९९६ साली स्कॉटलंडमध्ये २७७ प्रयत्नांतून एकच ‘डॉली’ मेंढी जन्मली आणि माणसाचीही हुबेहूब प्रत काढण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. विज्ञानाला विरोध करणे हे आमचे काम नव्हे. क्लोन केलेल्या मानवी भ्रूणातून मूळपेशी मिळवण्यात २०१३ साली अमेरिकेत यश आले. असाध्य रोगांवर त्यातून उपचार निघाला तर स्वागतच आहे.

पण या प्रयोगांना स्त्रीबीजे लागतात. ती कोण देणार? दक्षिण कोरियात ह्वांग वू-सुक यांच्या प्रयोगांसाठी शंभरहून अधिक स्त्रियांची दोन हजारांवर स्त्रीबीजे वापरली गेली. त्यांत हाताखालच्या संशोधक स्त्रियाही होत्या. काहींना पैसे मोजले गेले. २००६ साली ते संशोधनच बनावट ठरले. आपल्याकडे तर गरिबीलाच ‘संमती’ म्हणतात!

भारताच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी क्लोन मूल जन्माला घालण्यास मनाई केली, हे योग्यच झाले. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणारी मनुस्मृती बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला जाळली. तोच विचार ‘उत्तम बीजा’च्या नावाने प्रयोगशाळेत शिरता कामा नये. संशोधन जरूर व्हावे. मात्र त्याची किंमत पुन्हा आमच्या आयाबहिणींच्या देहातून वसूल होऊ नये.