लिलावाच्या मैदानावरील मजूर

केळशीसारख्या कोकणातील गावांना पूर्वीपासून दोन अंगणे होती : एक गावात, दुसरे मुंबईच्या गिरणगावात. भाताच्या एका पिकावर आणि थोड्याफार मासेमारीवर घर चालत नसे, म्हणून दापोली तालुक्यातील तरुण मुंबईची वाट धरी, आणि जाताना हुतूतू बरोबर नेई. लालबाग-परळमधील क्रीडामंडळे या चाकरमान्यांच्या वर्गणीतून आणि घामातून उभी राहिली. आज त्याच खेळाची झगमगीत प्रो कबड्डी लीग झाली आहे. या झगमगाटात खेळणाऱ्याच्या श्रमाचे काय झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

गिरण्या, बँका, रेल्वे, पोलीस आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या संघांवर कबड्डीचा जुना संसार चालत असे. चढाई चांगली करणाऱ्या पोराला कारकुनाची किंवा शिपायाची जागा मिळे. पगार बेताचा असे. पण गुडघा निकामी झाला तरी नोकरी जात नसे आणि निवृत्तीनंतरची सोय असे. ही व्यवस्था आदर्श होती असे मुळीच नाही. भरती अनेकदा साहेबाच्या मर्जीवर होई, आणि ज्याला जागा मिळाली नाही त्याच्या वाट्याला ढाल, श्रीफळ व टाळ्या येत. तरीही खेळाडूच्या आयुष्याला एक जमीन होती. ती जमीन क्रमाक्रमाने खचली. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव उजाड झाले. कबड्डीचा संघ बाळगणारी देना बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी 2022 मध्ये टाटांच्या ताब्यात गेली. खाजगीकरणाचा हिशेब मांडणाऱ्यांच्या वहीत खेळाडूंच्या जागांचा रकाना नसतो.

याच काळात, 2014 मध्ये, प्रो कबड्डी लीग अवतरली. पहिल्या लिलावातील सर्वांत मोठी बोली राकेश कुमार यांच्यावर लागली, ती 12 लाख 80 हजारांची होती. 2023 मध्ये पवन सेहरावत यांच्यासाठी तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले. मातीतल्या खेळाला प्रतिष्ठा मिळाली, गरीब घरातील मुलांच्या हाती पैसा आला. याचे स्वागत न करणे हा करंटेपणा ठरेल. (स्त्री-खेळाडूंसाठी 2016 मध्ये तीन संघांची एक स्पर्धा झाली आणि तिथेच थांबली, हे जाता जाता नोंदवून ठेवावे.)

परंतु ही किंमत टिकते किती? चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबाकडे 36 लाख 40 हजारांना आला. पहिल्याच हंगामात त्याने चढाईत 200 हून अधिक गुण घेतले. 2019 मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख दिले, 2021 मध्ये 1 कोटी 30 लाख. त्या हंगामात दुखापतीमुळे तो बहुतांश काळ मैदानाबाहेर राहिला. 2023 मध्ये हरियाणा स्टीलर्सने 1 कोटी दिले आणि 2024 मध्ये दबंग दिल्लीने 26 लाख. सहा वर्षांत चार संघ, आणि बाजारभाव कांद्यासारखा वरखाली. मुंबईच्या रिशांक देवाडिगाची 2018 ची किंमत 1 कोटी 11 लाख होती. 2021 मध्ये ती 20 लाखांवर आली. त्याच्यामागे भारत पेट्रोलियमची नोकरी होती. ज्याच्यामागे अशी नोकरी नाही, त्याने काय करायचे?

हे झाले शिखरावरचे खेळाडू. 2023 च्या लिलावात शेवटच्या वर्गातील खेळाडूची पायाभूत किंमत 9 लाख होती आणि प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा 5 कोटी. संघात किमान 18 खेळाडू हवेत. एकट्या पवनवर निम्म्याहून अधिक रक्कम खर्च झाल्यावर उरलेल्या किमान 17 जणांसाठी 2 कोटी 39 लाख 50 हजार उरले, म्हणजे सरासरी सुमारे 14 लाख. (त्या हंगामात हा संघ 22 पैकी दोनच सामने जिंकला आणि तळाला राहिला, हा भाग वेगळा.) येथे अर्थशास्त्राचा एक साधा मुद्दा दडलेला आहे. बारा खरेदीदारांसाठी खर्चाची एकच कमाल मर्यादा ठरवलेली असते. विकणारा प्रत्येकजण मात्र एकटा उभा असतो. यास मुक्त बाजार म्हणणे ही भाषेची थट्टा आहे.

वेतनमर्यादा अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्येही आहे, परंतु ती खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करून ठरते. ही संघटना 1954 मध्ये स्थापन झाली. 14 जानेवारी 1964 रोजी बॉस्टन येथे निवडक खेळाडूंचा सामना दूरचित्रवाणीवर दाखवला जाणार होता. खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत बसून राहिले. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळाल्याशिवाय मैदानात उतरणार नाही, असे त्यांनी सांगितले. आश्वासन मिळाले, मगच सामना सुरू झाला. पुढे ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने 1970 मध्ये दाखल झालेल्या दाव्यातून 1976 मध्ये तडजोड झाली आणि खेळाडूला संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळू लागले. आज तेथील उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा सामुदायिक कराराने खेळाडूंना मिळतो. इश स्मिथ हा काही तेथला मोठा तारा नव्हे. तो तब्बल 13 संघांतून भटकत खेळला. पण किमान वेतन त्याला प्रत्येक ठिकाणी होते, आणि तीन वर्षे खेळलेल्या कोणालाही तेथे निवृत्तिवेतनाचा हक्क लागू होतो. भांडवलशाहीच्या माहेरघरी हे घडले, कारण खेळाडू आपल्याला मजूर समजले आणि मजुरांसारखे संघटित झाले.

आपल्याकडे राष्ट्रीय महासंघाच्या नावात अजून ‘हौशी’ हा शब्द आहे. हौशी म्हणून खेळायचे, मालासारखे विकले जायचे आणि जखमी झाल्यावर पुन्हा हौशी ठरायचे! खेळाडू कायद्याने ‘कामगार’ ठरतो की नाही, यावर वकील वर्षानुवर्षे वाद घालू शकतील. त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे दोन संघ महाराष्ट्रातीलच आहेत. येथील खेळाडूंनी संघटना उभारली तर सुरुवात येथून होऊ शकते. दुखापतीच्या काळातील पूर्ण मानधन, उपचारांचा आणि नंतरच्या व्यंगाचा विमा, प्रत्येक हंगामाच्या उत्पन्नातून भविष्यनिधी, आणि खेळाडूला समजेल अशा भाषेतील करारपत्र, एवढ्या चार मागण्या तूर्त पुरेशा आहेत. कोकणातील मंडळांतून प्रकाशझोतात रात्ररात्र सामने भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनी बक्षीस-समारंभातल्या पाहुण्यांपुढे त्या वाचून दाखवाव्यात. पाहुणे बहुधा आमदार असतात, आणि त्या रात्री त्यांना लवकर उठून जाता येत नाही.