सेंटरच्या जागेवरचा वकील

मुलगा मैदानावर रमला, की आपल्याकडे वडील त्याच्या वकिलीची आशा सोडून देतात. अशा वडिलांनी यंदाचे हे पान जरूर वाचावे. विल्यम हेन्री लुईस हे गृहस्थ अमेरिकेत वकील झाले, आमदार झाले आणि बारा वर्षे कॉलेजच्या पोरांना फुटबॉलही शिकवत राहिले. जन्म १८६८ चा, व्हर्जिनियातला. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले.

अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात ते फुटबॉलचे कप्तान होते. १८९२ साली पदवी घेऊन ते हार्वर्डला कायदा शिकायला गेले आणि तिथेही संघात शिरले. हा फुटबॉल आपला नव्हे. पायापेक्षा खांद्यांचे काम अधिक. लुईस सेंटरच्या जागी खेळत. सेंटरने वाकून दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा, आणि मान वर होते न होते तोच समोरच्याची धडक अंगावर घ्यायची. वजन जेमतेम ऐंशी किलो, पण १८९२ आणि १८९३ अशी लागोपाठ दोन वर्षे देशातल्या सर्वोत्तम अकरांत त्यांची निवड झाली. तो मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू.

आणि याच दिवसांत केंब्रिजमधल्या एका न्हाव्याने त्यांची दाढी करायला नकार दिला! मैदानावर ज्याच्या नावाने टोप्या उडत, त्याच्या गालाला वस्तरा लावायचा नाही. लुईस अजून विद्यार्थीच होते. पण त्यांनी न्हाव्याशी हुज्जत घातली नाही. विधिमंडळाकडे दाद मागितली आणि समान वागणुकीच्या कायद्याची कक्षा वाढवून घेतली.

१८९५ साली ते वकील झाले. त्याच वर्षापासून हार्वर्डच्या संघाला शिकवू लागले, ते १९०६ पर्यंत. मधल्या काळात खेळावर एक प्राथमिक पुस्तकही लिहिले, केंब्रिजच्या नगरपालिकेत बसले आणि १९०२ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेत. पुढच्या निवडणुकीत पडले. मग थिओडोर रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत सरकारी वकील झाले. ही नेमणूक बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शब्दामुळे झाली. लुईस पूर्वी त्यांचे टीकाकार होते. तेव्हा जुन्या मित्रांनी नाके मुरडली, यात नवल नाही.

१९१० साली अध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना सहायक अ‍ॅटर्नी जनरल नेमले. सिनेटची संमती मिळायला १९११ चा जून उजाडला. त्याच वर्षी अमेरिकन बार असोसिएशनने त्यांना सभासद करून घेतले. नंतर कार्यकारिणीच्या ध्यानात आले, की सभासद काळा आहे! सभासदत्व रद्द. लुईस यांनी राजीनामा द्यायला साफ नकार दिला. त्यांचे वरिष्ठ, अ‍ॅटर्नी जनरल विकरशॅम यांनी संघटनेच्या सुमारे ४,७०० सभासदांना पत्र धाडले.

१९१२ च्या अधिवेशनात तोडगा निघाला. लुईस आणि आणखी दोन कृष्णवर्णीय सभासद राहतील. मात्र यापुढे अर्जदाराने आपला वंश लिहिलाच पाहिजे. म्हणजे आत आलेल्याला खुर्ची, आणि त्याच्या मागे दाराला कडी! त्या दोघांपैकी मॉरिस नावाच्या वकिलांनी सभासदत्व सोडले. लुईस राहिले. मला मॉरिस यांचा स्वाभिमान अधिक भावतो, हे कबूल करतो. पण लुईस उठून गेले असते, तर ती खुर्ची रिकामी ठेवायला संघटना एका पायावर तयार होती, हेही खरे. सेंटरने जागा सोडायची नसते. बारा वर्षे त्यांनी पोरांना हेच शिकवले असणार. वर्णावरून सभासदत्व नाकारू नये, असा ठराव व्हायला पुढे १९४३ साल उजाडावे लागले.

१९१३ मध्ये सरकार बदलले, पद गेले. लुईस बोस्टनला परतले आणि फौजदारी खटले चालवू लागले. १९१५ साली 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा कृष्णवर्णीयांची नालस्ती करणारा चित्रपट शहरात आला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत हे होतेच.

१ जानेवारी १९४९ रोजी बोस्टनमध्ये ते वारले. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव लागले २००९ साली. तोवर त्यांना खेळताना पाहिलेले कोणी उरले नव्हते.