साठ लाख की आठ लाख?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पुरा झाला आणि मावळातल्या जमिनीला सोन्याचा भाव आला, हे तुम्हाला सांगायला नको. पवन मावळ घ्या, नाणे मावळ घ्या की लोणावळ्याची शीव, सातबाऱ्यावर नाव बहुधा घरातल्या थोरल्याचेच असते. व्यवहार ठरला की आबांना गाडीत घालून वडगावला नेतात. दस्त कबूल आहे का, असे दुय्यम निबंधक विचारतात. आबा मान डोलावतात.

आबांना ऐकू काय आले?

वयाने कान जातो तेव्हा आवाज जात नाही, शब्द जातात. कानाच्या आतल्या शंखातल्या नाजूक केसपेशी झिजतात, त्या पुन्हा होत नाहीत. भातगिरणीत, दगडखाणीत जन्म काढलेल्यांचे तर लवकरच होते. ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक उच्चार आधी हरवतात. मग ‘साठ’चे ‘आठ’ होतात. दर सांगताना केवढी भानगड! पुन्हा पुन्हा विचारायची लाज वाटते, म्हणून म्हातारा माणूस मान डोलावून मोकळा होतो आणि पुढे पारावर बसायचेही सोडतो. बहिरेपणाकडे दुर्लक्ष हे स्मृतिभ्रंशाचे एक मोठे, पण टाळता येण्याजोगे कारण असल्याचे ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ मंडळाने 2024 मध्येही सांगितले आहे.

मोतीबिंदूच्या शिबिराला आपण जीप भरून माणसे नेतो. कानाची मात्र घरात थट्टा होते.

आधी सरकारी दवाखान्यात कान दाखवा. कधी नुसता मळ साचलेला असतो. घरी तेल ओतू नका, काडी घालू नका. मशीन लागलेच, तर राज्य शासनाच्या 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरील, दोन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या वृद्धांसाठी 3000 रुपये ठेवले आहेत. तेवढ्यात भारी मशीन येत नाही, हे खरे. शिवाय पहिले काही आठवडे भांड्यांचा खणखणाटच जास्त ऐकू येतो. तेवढ्यावर कंटाळून मशीन ट्रंकेत टाकू नका. आणि ओरडू नका, समोर बसून सावकाश बोला.

तलाठी, ग्रामसेवक मंडळींनीही (पदांची नावे बदलली, कामे तीच) देवळात घुमणाऱ्या भोंग्यावर भिस्त ठेवू नये. जबाब घेताना, दस्त करताना रक्कम मोठ्या आकड्यांत लिहून आबांपुढे धरा. वाचता येत नसेल, तर किती रुपये ठरले ते आबांच्याच तोंडून वदवून घ्या, आणि मगच अंगठा.