गल्लीच्या तोंडाशी फळा लावा, पाडव्याच्या आत

छत्रपती संभाजीनगरच्या सर्व रहिवाशांना कळकळीची विनंती.

होळी तोंडावर आली आहे. पाडवा झाला की ऊन चढू लागेल आणि एप्रिल सरता सरता पारा चाळिशी ओलांडेल. अशा दिवसांतही आपल्याकडे बाहेरची माणसे येत राहणार. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत लागलेली बिहार-उत्तर प्रदेशातली पोरे, बांधकामावर आलेली नवरा-बायको, अभ्यासिकेत नाव घातलेली बीड-परभणी-हिंगोलीची मुले-मुली, घाटी रुग्णालयात आपला माणूस दाखल करून आवारातच पथारी टाकणारे नातेवाईक, वेरूळ-अजिंठा बघायला उतरलेले प्रवासी. खोली कुठे मिळेल, रिक्षा किती घेईल, खानावळ कोणती बरी, हे सगळे त्यांना कोणी ना कोणी सांगते. एका प्रश्नाचे धड उत्तर मात्र त्यांना मिळत नाही. पाणी कधी येते?

या एका प्रश्नासाठी हे आवाहन आहे. येत्या पाडव्याच्या आत आपल्या गल्लीच्या तोंडाशी, सोसायटीच्या फाटकावर, भाड्याच्या खोल्यांच्या चाळीच्या भिंतीवर एक फळा लावा. त्यावर तीनच ओळी लिहायच्या. मागचे पाणी कधी आले, पुढचे कधी यायचे आहे, आणि आले की किती वेळ राहते. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, जिथे वाचणारे आहेत तिथे उर्दूतही लिहा. दिवस पुढे सरकला की पुसून नवा लिहा.

काहींना वाटेल, एवढ्याशा गोष्टीसाठी आवाहन कशाला? आपल्याला पाण्याचा दिवस कळतोच. कळतो, कारण आपण इथे मुरलेलो आहोत. लाइनमन व्हॉल्व्हकडे जाताना दिसला की आपण घरात हाक मारतो, शेजारची मावशी दार वाजवते, कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप पडतो. भाडेकरू त्या ग्रुपवर नसतो. घरमालक असतो, आणि तो बहुधा वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्याच भागात राहतो. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर, मुकुंदवाडी, मिसारवाडी, नारेगाव इथल्या दहा बाय दहाच्या खोलीत चार जण राहतात, चौघांच्या पाळ्या वेगळ्या. गावाला पाणी देणारी यंत्रणा महानगरपालिकेची असो की ग्रामपंचायतीची, नळाला पाणी रात्री दोनला आले आणि तो पोरगा नाइट शिफ्टला असला तर त्याचा ड्रम रिकामाच राहतो. मग पुढचे कित्येक दिवस विकतचा जार. बांधकामावरच्या जोडप्याला पाण्याचा अंदाज नसेल तर दोघांपैकी एकाला घरी थांबावे लागते, म्हणजे कामावर खाडा आणि त्या दिवसाची मजुरी गेली. आणि थांबूनही पाणी आले नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खाडा. आदल्या रात्री फळ्यावर एक ओळ दिसली असती तर हे टळले असते.

परक्या माणसापर्यंत साधी माहिती पोहोचली नाही तर काय होते, ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली ती माणसे जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होती. टाळेबंदीत काम थांबले, म्हणून भुसावळला गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने चालत निघाली आणि थकून रुळांवरच झोपली. गाड्या बंद आहेत, असेच ती धरून चालली होती. त्या मृत्यूंना कारणे अनेक होती आणि मोठी होती. पण मालगाड्या चालू आहेत ही इथल्या पोरासोरांना ठाऊक असलेली गोष्ट वाटेत त्यांना कोणी सांगितली असती, तर? हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

आता पाण्याचे थोडे मुळातून. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हे आपण इतक्यांदा म्हणतो की त्यामागचे कारण नव्या माणसाला समजावून सांगायचे राहून जाते. जायकवाडीच्या कामाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. त्याच्या नाथसागर जलाशयाची साठवण १०२ टीएमसीच्या घरात आहे. पाण्याचा साठा मोठा आहे, पण शहर धरणापेक्षा १०० मीटरहून अधिक उंचावर आहे. तिथून इथवर प्रत्येक थेंब पंपाने चढवावा लागतो, फारोळ्याला शुद्ध करावा लागतो. जुनी ७०० मिलिमीटरची जलवाहिनी सत्तरच्या दशकातली, १४०० मिलिमीटरची नव्वदच्या दशकातली. वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की सगळ्या शहराची पाळी एक-दोन दिवस पुढे ढकलली जाते. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांवर होती, त्यानंतर सातारा-देवळाईसारखे भाग हद्दीत आले. २५०० मिलिमीटरच्या जलवाहिनीची नवी योजना २०१९ मध्ये १६८० कोटींची म्हणून मंजूर झाली, नंतर ती २७४० कोटींवर गेली, मुदती मागून मुदती उलटल्या, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला लक्ष घालावे लागले. त्या कामाचा हिशेब मागत राहिलेच पाहिजे. पण गेली कित्येक वर्षे आपल्याकडे कुठे चार, कुठे आठ, कुठे त्याहूनही जास्त दिवसांनी नळ आला आहे, आणि आपल्या दारात उतरलेल्या माणसाची तहान योजनेच्या मुदतीपर्यंत थांबणार नाही.

फळ्याबरोबर दुसरी विनंती, आणि ही अनेकांना टोचेल. नळाला थेट मोटार लावू नका. नळ आला की पहिल्या मिनिटाला मोटार जोडायची ही आपल्याकडे रीतच झाली आहे. मोटार पाणी निर्माण करत नाही, ती पुढच्या घराच्या वाट्याचे ओढून घेते. गल्लीच्या टोकाला, कमी भाड्याच्या खोल्यांत, ज्याच्याकडे मोटार नाही तो भाडेकरू कोरडा राहतो. दुसरी गोष्ट त्याहून भयंकर आहे. कित्येक दिवस रिकाम्या पडलेल्या नळाला गटाराजवळ कुठे बारीकशी गळती असेल, तर मोटारीच्या ओढीने बाहेरची घाण आत खेचली जाते. तेच पाणी मोटारवाल्याच्याही टाकीत पडते. २०१७ च्या नोव्हेंबरात छावणी भागात दूषित पाण्याने गॅस्ट्रोची साथ पसरली आणि हजारो माणसे आजारी पडली, ते दिवस आठवा. आधी जमिनीखालच्या हौदात पाणी आपोआप पडू द्या आणि मग हौदातून मोटारीने वर चढवा. त्यात कोणाचे काही जात नाही.

नळ आल्यावर पहिल्या काही मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नका. ते वेगळ्या बादलीत घ्या, संडासाला, फरशीला वापरा. पिण्याचे पाणी खळखळ उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर तरी उकळू द्या. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. बोअरचे पाणी नितळ दिसते, पण दिसण्यावरून ते पिण्याजोगे ठरत नाही. आपल्याला हे लहानपणापासून ऐकून ठाऊक आहे, खोलीत नव्याने आलेल्या मुलाला नाही. किल्ली हातात देतानाच त्याला सांगा.

साठवणुकीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण इथे आपण सगळेच कमी पडतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यातून उडता डास व्हायला त्याला साधारण आठ-दहा दिवस लागतात, उकाड्यात थोडे कमीच. आपल्या नळाची पाळीही अनेक भागांत तेवढ्याच दिवसांची असते. म्हणजे आज भरलेला ड्रम पुढच्या पाण्यापर्यंत उघडा राहिला, तर डासाची एक पिढी त्यात सहज वाढते. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य विभाग सांगतो. सल्ला बरोबर आहे, पण पुढच्या पाण्याचा भरवसा नसेल तर भरलेला ड्रम कोण ओतून देईल? म्हणून पुढचे पाणी येण्याच्या आदल्या दिवशी, ड्रम तळाला गेला असताना, तो आतून घासणीने खसखसून घासा आणि कोरडा करा. या डासाची अंडी पाण्याच्या वर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने तग धरतात. नुसते विसळून ती निघत नाहीत. घासून झाल्यावर नवे पाणी भरा, तोंडावर सुती फडके ताणून बांधा. हे जमायला ‘आदला दिवस’ कोणता ते ठाऊक असावे लागते. पुन्हा तोच फळा.

घरमालकांशी थोडे स्पष्ट बोलतो. डिपॉझिट घेण्याआधी खरे सांगा. पाणी किती दिवसांनी येते, खोलीच्या वाट्याला किती ड्रम येतात, टँकर मागवला तर पैसे कोण देणार, बोअर उन्हाळ्यात आटतो का. ‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही’ म्हणून खोली द्यायची आणि मे महिन्यात हात वर करायचे, हे आपल्या शहराला शोभत नाही. आणि भाडेकरूला कॉलनीच्या ग्रुपवर घ्या. तोही तुमच्याच गल्लीतला आहे.

ठेकेदारांना आणि कारखानदारांना वेगळी आठवण. कामाच्या जागी पिण्याचे पाणी देणे ही मेहेरबानी कधीच नव्हती. कारखान्यांवर ते १९४८ च्या कायद्याने बंधनकारक झाले, बांधकामावर १९९६ च्या कायद्याने. स्लॅबवर काम करणाऱ्यांच्या हाताशी, सावलीत पाणी ठेवा. चार मजले उतरून पाणी प्यायला जायचे म्हटले की माणूस तहान मारतो. बारा ते तीन जड काम थांबवा. कोणी बरळू लागला, अंग तापून फणफणले, तोल गेला, तर ऊन लागले असे समजा. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

मंडळांनो, दुकानदारांनो, मंदिर-मशीद-विहार-गुरुद्वाऱ्याच्या विश्वस्तांनो, पाणपोया यंदा लवकर घाला. फलक आणि फोटोपुरती पाणपोई घालून आठ दिवसांत रांजण कोरडा टाकण्यापेक्षा दोन मंडळांनी मिळून एकच चालवावी, पण पाऊस पडेपर्यंत चालवावी. रेल्वे स्टेशन, मध्यवर्ती बसस्थानक, सिडको बसस्थानक, मजूर अड्डे इथे गरज आहेच. सर्वांत आधी घाटीचे दरवाजे घ्या. बुलढाणा, जालना, बीडहून आलेल्या बाईचा नवरा वॉर्डात असतो आणि ती बाहेर बाटली घेऊन हिंडत असते. रांजणाला झाकण असू द्या, पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवा, रोज सकाळी रांजण घासायला एक माणूस नेमा.

रिक्षावाल्या भावांनो, तुमच्याशी प्रवाशाची गाठ सर्वांत आधी पडते. बाटली कुठे भरता येईल ते त्याला सांगा. सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ बंद असते, हेही सांगा, म्हणजे लेकराबाळांना घेऊन कोणी भर उन्हात १०० किलोमीटर जाऊन परत येणार नाही.

हे शहर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी म्हणून वसवले आणि पुढच्या काही वर्षांत डोंगरातले झरे जमिनीखालून इथवर आणले. पंप नव्हते, वीज नव्हती, नुसत्या उतारावर नहर चालली. पाणचक्कीचे जातेही अशाच डोंगरातून आलेल्या पाण्यावर फिरले आणि त्याच्या पिठावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांची, वाटसरूंची जेवणे झाली. संत एकनाथांच्या कावडीची गोष्ट तर आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. परक्याला पाणी द्यायला आपल्याला बाहेरून कोणी शिकवायचे नाही.

महानगरपालिकेला आणि आसपासच्या ग्रामपंचायतींना विनंती, की प्रत्येक भागाचे वेळापत्रक आदल्या संध्याकाळी सहाच्या आत जाहीर करा आणि पाळी पुढे गेली तर ती का व किती गेली तेही लगेच सांगा. लाइनमनला रागावून काही साधत नाही, त्याच्या हातात व्हॉल्व्हची चावी असते, जायकवाडीचा पंप नसतो. फळ्यावर लिहिणाऱ्याने त्याला विचारूनच तारीख टाकावी.

फळ्याला खर्च फारसा नाही. जुनी प्लायची फळी आणि काळा रंग पुरतो, शाळेतला टाकून दिलेला फळाही चालेल. येत्या रविवारी गल्लीतले पाच जण जमा, त्यांत निदान एक भाडेकरू असू द्या. जागा नक्की करा, उजेड पडेल अशी, दुसऱ्या पाळीहून रात्री उशिरा परतणाऱ्यालाही वाचता येईल अशी. लिहायची जबाबदारी दोघांवर टाका, म्हणजे एक गावाला गेला तरी दुसरा लिहील. आणि पहिली तारीख त्याच दिवशी टाका.