बेचाळीस दिवसांनंतरची आई

बाळंतपणात दगावलेल्या स्त्रियांची गणना आपण करतो, आणि ती करावयास हवीच. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता मृत्यू पावल्या. देशाचा आकडा ९७ होता. राज्याच्या या प्रगतीमागे परिचारिका व आशा स्वयंसेविका यांचे मोठे श्रम आहेत. परंतु मातामृत्यूची रूढ व्याख्या गर्भारपण संपल्यापासून ४२ दिवसांपुरतीच आहे. त्यानंतर ती स्त्री हिशेबाबाहेर जाते. जिला गरोदरपणी उच्च रक्तदाबाने गाठले होते, तिच्या बाबतीत हे खाते फार लवकर मिटवले जाते, असे वैद्यकीय संशोधन आता सांगू लागले आहे.

विसाव्या आठवड्यानंतर गर्भवतीचा रक्तदाब १४०/९० वा त्याहून वर गेला आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंड यांसारख्या अवयवांना बाधा झाली, म्हणजे त्या विकाराला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. जगात दर शंभर गर्भवतींपैकी दोन ते आठ जणींना तो होतो. वार गर्भाशयात नीट रुजली नाही, तर तिच्यातून रक्तात उतरणारी द्रव्ये आईच्या रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर दुखावतात. विकार बळावल्यास झटके येतात; हीच एक्लॅम्प्सिया. बाळंतपणानंतर रक्तदाब बहुधा उतरतो. दुखणे संपले असे घरचे समजतात, आणि दवाखानाही.

ते संपत नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या संशोधकांना २००९ साली असे आढळले की, एक्लॅम्प्सिया होऊन काही वर्षे लोटली तरी अशा स्त्रियांच्या मेंदूतील पांढऱ्या द्रव्यात इतर स्त्रियांहून अधिक व्रण असतात. २०१८ साली डेन्मार्कमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७८ ते २०१५ या काळात प्रसूत झालेल्या सुमारे ११ लाख ७८ हजार स्त्रियांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांत, मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडून येणाऱ्या स्मृतिभ्रंशाचे प्रमाण तिपटीहून अधिक होते. पक्षाघाताचा व हृदयविकाराचा धोकाही अशा स्त्रियांना अधिक असतो.

या आकड्यांनी कोणी घाबरून जाऊ नये. असा स्मृतिभ्रंश मुळात थोड्यांनाच होतो. तिप्पट झाला तरी बहुसंख्य माता त्यातून सुटतात. शिवाय गर्भारपणातील रक्तदाब हे मेंदूच्या हानीचे कारण आहे, की दोहोंच्या मुळाशी आधीचाच एखादा दोष आहे, याचा निर्णय झालेला नाही. परंतु उत्तर कोणतेही निघो, कर्तव्य बदलत नाही. धोक्याची खूण तिशीच्या आतच दिसली असेल, तर पुढची तीस वर्षे त्या स्त्रीचा रक्तदाब आटोक्यात ठेवणे एवढे तरी आपल्या हाती असते.

डेन्मार्कला हा प्रश्न विचारता आला, कारण तेथे १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला नोंदणी क्रमांक आहे, १९७७ पासून रुग्णालयांतील नोंदी राष्ट्रीय पातळीवर जपल्या जातात आणि आरोग्यसेवा मुख्यतः सार्वजनिक आहे. आपल्याकडे गरोदरपणाची नोंद माता व बाल संरक्षण कार्डावर होते. मुलाचे लसीकरण आटोपले की ते कार्ड पेटीच्या तळाशी जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची तपासणी एका जिल्ह्यात, बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यात. तिचा रक्तदाब पुढे कोण कोठे पाहणार? आणि पन्नाशीत तिला पक्षाघात झाला, तर तिची शुश्रूषा मुलीच्या वा सुनेच्या अंगावर येते. त्या श्रमाला वेतन नाही आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात जागाही नाही. सरकारने वाचवलेला खर्च असा गरीब घरातील दुसऱ्या स्त्रीकडून वसूल होतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रसूतीनंतर घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर हा विकार स्वच्छ मराठीत लिहिलेला असावा. मूल लसीसाठी उपकेंद्रात येते तेव्हा आईचाही रक्तदाब मोजला जावा, आणि पुढे दरवर्षी. रक्तदाबाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात खंड न पडता विनामूल्य मिळाव्यात. पुढच्या खेपेस लवकर नोंदणी व्हावी. जिला धोका अधिक तिला विसाव्या आठवड्यापूर्वी अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन सुरू करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ सालीच सांगितले आहे. यास मोठी इमारत लागत नाही. रक्तदाब मोजण्याचे यंत्र, नोंदवहीत एक रकाना आणि स्वस्त गोळ्या एवढे पुरे.

कार्यकर्त्यांनी आरंभ आपल्या वस्तीपासून करावा. गरोदरपणी रक्तदाब वाढला होता का, हे मायबहिणींना विचारावे, त्यांना केंद्रावर न्यावे, आणि गोळ्या नसतील तर ग्रामसभेत जाब मागावा. माता म्हणजे केवळ मूल जन्माला घालण्याचे साधन नव्हे, असे आपण सभांतून सांगतो. ते खरे मानत असू, तर मूल चालू लागल्यावरही तिच्या प्रकृतीची चौकशी झाली पाहिजे.