'पोको'च्या चाहत्यांचे रडगाणे

अमेरिकेतल्या कंट्री रॉक संगीताचा विषय निघाला की 'ईगल्स'चे नाव आधी येते, आणि त्यामागोमाग 'पोको'चे चाहते उसासा टाकतात. या चाहत्यांत मीही आहे. परंतु आमच्या आठवणींना एक खोड जडली आहे, तिच्याविषयी लिहिणे मला अगत्याचे वाटते.

खोड अशी की, पोकोची आठवण काढायची ती नेहमी दुसऱ्याच्या यशाचे माप हाती घेऊन. हकीकत तशी आहेही. १९६८ साली 'बफेलो स्प्रिंगफील्ड' हा ताफा मोडला, तेव्हा त्यातल्या रिची फ्युरे आणि जिम मेसिना यांनी लॉस एंजेलिसला ही नवी मंडळी जमवली. बेस वाजवणारे रँडी माइस्नर पहिली तबकडी बाजारात येण्याआधीच सोडून गेले. मुखपृष्ठावरच्या चित्रात त्यांच्या जागी चक्क कुत्रा आला! हेच माइस्नर पुढे १९७१ साली ईगल्सच्या संस्थापकांत होते. पोकोत त्यांच्या जागी आलेले टिमथी श्मिट १९७७ साली ईगल्समध्ये गेले, तेही पुन्हा माइस्नर यांच्याच रिकाम्या जागेवर. मेसिना १९७० मध्ये, फ्युरे १९७३ मध्ये बाहेर पडले. मग चाहता म्हणतो, झाडे आमच्या अंगणात वाढली, फळे मात्र शेजाऱ्याने नेली.

या रडगाण्यात एक माणूस हरवतो: रस्टी यंग. मंडळी कितीही बदलली तरी हे गृहस्थ जागचे हलले नाहीत. त्यांचे वाद्य पेडल स्टील. आडवी मांडलेली गिटार, हातात पोलादी दांडी, पायाशी पेडली, गुडघ्याशी खटके. ते दाबले की वाजत्या तारेचा स्वर चढतो, उतरतो. हवाईयन गिटार ऐकलेल्यांना त्या मींडेची कल्पना येईल. कंट्री गाण्यांत हे वाद्य बहुधा विरहाचे अश्रू ढाळायला ठेवलेले असे. यंग यांनी ते ऑर्गनसाठी बनवलेल्या, फिरत्या कर्ण्याच्या लेस्ली स्पीकरमधून वाजवले. ऐकणाऱ्याला वाटावे, ऑर्गन वाजवणारा कुठे लपून बसला आहे! रडणाऱ्या वाद्याला त्यांनी हसायला शिकवले, असे मी म्हणेन. हे श्रेय ईगल्सच्या तराजूत घालून मोजायचे तरी कसे?

'क्रेझी लव्ह' हे यंग यांचेच गाणे १९७९ साली बिलबोर्डच्या यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत गेले. जुने चाहते त्यावर नाक मुरडतात. मला ते गोड वाटते, सुरांची जुळणी तर फारच सुरेख. मात्र पोकोची पहिली ओळख त्या गाण्याने करून देऊ नये, एवढे त्यांचे म्हणणे मला पटते.

२०२१ साली यंग गेले आणि काही महिन्यांतच, मेसिना यांच्या जागी आलेले पॉल कॉटन हेही गेले. आता नव्या श्रोत्याला पोको कळायचे ते तबकड्यांतून आणि आम्हा जुन्यांच्या तोंडून. तोंडून सदैव तक्रारच निघाली, तर तो तबकडी लावील कशाला? त्याला १९७१ ची 'डेलिव्हरिन' द्यावी. बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या जलशांत मुद्रित केलेली ती तबकडी आहे. टाळ्यांचा कडकडाट, तिघाचौघांचे मिळून उसळणारे आवाज आणि मधून झेपावणारे ते स्टील. तेवढा वेळ ईगल्सचे नाव कोणी काढू नये.