चोर व्हा, पण सोबत्यांना लुटू नका
या रविवारी भाचीच्या घरी पाच जण टेबलाभोवती 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रं रंगवण्याचा खेळ खेळत बसले होते आणि आमची गुणी पोरगी चक्क चोर झाली होती. मला ते फार आवडलं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली आणलेल्या या खेळात चोराचं पात्र पुढच्याच वर्षी, 'ग्रेहॉक' या पुरवणीत आलं. म्हणजे वाईट वागून पाहायची मुभा इथे जवळपास पहिल्यापासून आहे. आणि ती हवीच. आपले निळू फुले खलनायक होऊन पडद्यावर आले की बायाबापड्या बोटं मोडायच्या, पण माणूस राष्ट्र सेवा दलाचा, सरळ. लबाडी आतून कशी चालते हे असं रंगवूनच कळतं. खटकतं ते वेगळंच: कुणी सोबत्याचंच सोनं लांबवतो आणि वर म्हणतो, 'मी काय करू, माझं पात्रच तसं आहे!' अरे, पण ते पात्र घडवलं कुणी? तूच ना? भाचीने राजाची तिजोरी फोडली, वाटणी मात्र पाचांत समान केली. खेळाला बसण्याआधी कुणाला काय चालणार नाही, एवढं एकमेकांना विचारून घ्या.